तीन ग्रॅमचा विरोध

गडहिंग्लजच्या त्या शाळेत सहावीचा विज्ञानाचा तास चालू असला की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, वर्गात कुणीच नाही. मुलं टेबलांभोवती उभी असत, प्रत्येकाच्या उजव्या हातात करड्या रंगाचा पातळ हातमोजा असे आणि सगळे हात एकाच लयीत हलत असत. ड्रॉपरचा फुगा दाबला जाई, थेंब पडे, बोट सैल होई. एकही थेंब जास्तीचा पडत नसे. हेमलता चौगुले बाई टेबलांमधून फिरत आणि आपलाच हात वर्गभर काम करताना बघत.

कारण तो हात खरोखर त्यांचाच होता.

तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून डॉ. वैदेही कुलगुडे नावाची तरुण शास्त्रज्ञ शाळेत आली होती. हातानं प्रयोग करून दाखवणारे शिक्षक शोधत ती जिल्हाभर फिरत होती. तिचं म्हणणं असं की पुस्तकातली माहिती कुठल्याही पडद्यावरून शिकवता येते, पण परीक्षानळी किती घट्ट धरायची, काडेपेटीची काडी ज्योतीपाशी किती हळू न्यायची, हे शब्दांत सांगता येत नाही. सायकल येणाऱ्याला विचारा, तोल कसा सांभाळतोस. त्याला सांगता यायचं नाही. ते ज्ञान हातातच असतं. ते एका हातातून काढून दुसऱ्या हातात घालता आलं तर?

त्यासाठी तिनं मोजा बनवला होता. त्याच्या विणीत केसाएवढ्या जाडीचे दोन प्रकारचे धागे होते. पहिल्या प्रकारचे धागे बोटांचा प्रत्येक कोन आणि टोकावरचा प्रत्येक दाब मोजून साठवून ठेवत. दुसऱ्या प्रकारच्या धाग्यांत बारीकसा विद्युतप्रवाह सोडला की ते स्नायूसारखे आखडत आणि बोटाला हलकेच ओढून नेत. जाणत्या माणसानं मोजा घालून प्रयोग करायचा, मोज्यानं तो लक्षात ठेवायचा आणि मग मुलाच्या हातात तोच मोजा तीच हालचाल पुन्हा करायचा. कुणाचं बोट दुखावू नये म्हणून एक सोय होती. मुलानं उलट जोर लावला, अगदी तीन ग्रॅम वजनाइतका, तरी मोजा तत्क्षणी सैल पडे. या सगळ्याला वैदेहीनं नाव दिलं होतं हस्तपाठ.

बाईंच्या हातात मोजा घालून तिनं त्यांच्याकडून एक प्रयोग करून घेतला आणि तिचा शोध संपला. पुढचे सहा महिने बाईंनी सहावी ते आठवीचे सगळे प्रयोग मोजा घालून केले. दोन वर्षांत ते हस्तपाठ दोन हजार शाळांत गेले. जिथं प्रयोगशाळेच्या कपाटाचं कुलूप वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं, तिथली मुलं पहिल्या फटक्यात विद्युतघट करू लागली. बाईंचे यजमान दिनकरराव पोस्टातून निवृत्त झालेले. ओळखीचा कुणी भेटला की ते त्याला थांबवून सांगत, आमच्या हिचे हात एकाच वेळी दोन हजार ठिकाणी चालतात. बाई त्यांना गप्प करत, पण त्यांनाही ते ऐकायला आवडे.

अडचण एकच होती आणि तिचं नाव तस्लीम मुजावर. ही मुलगी मोजा घातला की हात ताठ करी. मोजा ओढायला लागला की ती उलट ओढे, मोजा सैल पडे आणि मग ती आपल्याच मनानं काहीतरी करत बसे. ड्रॉपरमधून थेंबाऐवजी धार पडे, परीक्षानळी फुटे, तार तुटे. बाईंनी एकदा तिला बाजूला घेऊन कारण विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मोजा वडतोय तिकडं हात जातोय बाई. पण मी काय करतीय तेच मला कळंना."

बाईंनी तिला समजावलं की हळूहळू कळेल. पण त्याच महिन्यात एकदा दिवसभर वीज नव्हती आणि मोजे चार्ज झाले नाहीत. बाईंनी मुलांना सांगितलं, आज नुसत्या हातांनी करा, गेल्याच आठवड्यात केलेला प्रयोग आहे. मुलं सामानाकडे बघत उभी राहिली. कुणी ड्रॉपर उचलला आणि परत ठेवला. काम सुरू केलं ते फक्त तस्लीमनं. बाईंच्या मनात त्या वेळी काहीतरी खटकलं, पण संध्याकाळी वीज आली, दुसऱ्या दिवशी मोजे चालू झाले आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी वर्गाची पाठ थोपटली. खटकलेलं तसंच राहून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात बाईंच्या हातून चंचुपात्र पडलं. मुलांना आधी त्याचंच नवल वाटलं, कारण बाईंच्या हातून काही पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाठोपाठ बाई खुर्चीला धरून खाली बसल्या. शेजारच्या वर्गावरचे सर धावत आले, गाडी निघाली आणि कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ वेळेवर विरघळवली. बोलणं दोन दिवसांत जाग्यावर आलं. महिन्याभरात पायात ताकद आली. उजवा हात मात्र आला नाही. तो मांडीवर ठेवला की तिथंच राही, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

बातमी कळताच वैदेही पुण्याहून आली. येताना तिनं मोजा आणला होता. बाईंना बघून तिचे डोळे भरून आले, पण तिच्या बोलण्यात उमेद होती. तिनं सांगितलं की मेंदूचा जो भाग हात चालवायचा तो दुखावलाय, पण शेजारचे भाग ते काम शिकू शकतात. त्यांना शिकवायला हात पुन्हा पुन्हा हलवावा लागतो. आणि जगात कुठल्याही रुग्णाकडे नाही अशी गोष्ट बाईंकडे होती: त्यांच्या स्वतःच्या धडधाकट हाताची प्रत्येक हालचाल साठवलेली होती. बाईंचाच हात आता बाईंना शिकवील.

रोज सकाळी दिनकरराव त्यांना मोजा चढवत. मोजा चालू झाला की बोटं उठत, ड्रॉपर उचलत, थेंब टाकत, सुरेख. बाई ते पाहत राहत. बंद केला की हात पुन्हा मांडीवर. पंधरा दिवस गेले, महिना गेला, दुसरा महिना गेला. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीनं नोंदी पाहून मान हलवली. मोजा इतक्या दिवसांत एकदाही सैल पडला नव्हता. म्हणजे हातानं एकदाही स्वतःचा जोर लावला नव्हता.

बाईंना त्या हालचालींचा हळूहळू राग यायला लागला. इतकं सफाईदार काम आपल्या डोळ्यांदेखत आपल्याच हातानं करावं आणि त्यात आपला काही संबंध नसावा. एक दिवस त्यांनी दिनकररावांना सांगून टाकलं की मोजा पुण्याला परत पाठवा. त्यांनी तो पाठवला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी तस्लीम घरी आली. तिला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात विजेची साधी मोटार मांडायची होती आणि ती फिरत नव्हती. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर सामान मांडलं: एक सेल, दोन सेफ्टी पिना, गोल चुंबक आणि मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून मागून आणलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्याची दोन टोकं पिनांच्या भोकांत टेकवायची, वीज वाहिली की वेटोळं स्वतः चुंबक होतं, खालच्या चुंबकापासून दूर ढकललं जातं आणि फिरायला लागतं. फक्त तारेवर वार्निशचा थर असतो, तो खरवडावा लागतो. एका टोकाचा पूर्ण, दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूचा. अर्ध्या फेरीत वीज मिळावी, उरलेल्या अर्ध्यात तुटावी; नाहीतर वेटोळं मधेच अडकून थरथरत राहतं.

तस्लीम दोन्ही टोकं पूर्ण खरवडायला लागली. ब्लेड वाकडं लागत होतं, तार दुमडत होती. समोर बसलेल्या बाईंचा जीव कासावीस झाला. "अगं, तिथं नाही, थांब, फिरव ती," त्या म्हणाल्या आणि आपण खुर्चीत पुढं झुकलोय हे त्यांच्या लक्षात आलं. उजव्या खांद्यात ताण आला होता. गेल्या तीन महिन्यांत आपल्याच हाताची कारागिरी बघताना तो एकदाही आला नव्हता.

तस्लीम गेल्यावर बाई बराच वेळ विचार करत बसल्या. मग त्यांनी वैदेहीला फोन लावून विचारलं की मोजा सैल पडल्यावर मुलं जे करतात तेही साठवलं जातं का. वैदेही म्हणाली, जातं, पण ती नोंद बाद समजून बाजूला टाकतात. बाईंनी तस्लीमच्या नोंदी मागितल्या. वैदेहीला वाटलं, बाई निराशेनं काहीतरी बोलतायत. चुकीच्या हालचाली दुखावलेल्या मेंदूला शिकवणं धोक्याचं असेल, असंही तिनं सांगितलं. बाई ऐकेनात. शेवटी ती म्हणाली की मुलीच्या घरची परवानगी लागेल.

तस्लीमच्या आईनं लगेच होकार दिला. अडून बसली तस्लीमच. तिला लाज वाटत होती.

"बाई, त्यात सगळं चुकल्यालंच हाय," ती म्हणाली.

"मला तेच पाहिजे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकररावांनी मोजा चढवला आणि तस्लीमचा हात बाईंच्या हातात चालू झाला. तो विचित्रच होता. बोटं ड्रॉपरकडे निघाली आणि मधेच थांबली. परत फिरली. जास्त दाबलं, घाबरून सोडलं, पुन्हा दाबलं, या वेळी कमी. बाई आतून सारख्या म्हणत होत्या, इतकं नाही, जरा हळू, आता सोड. मग तस्लीमनं वर्गात केलेला मोटारीच्या तारेचा पाठ लागला. मोज्यातलं बोट पुन्हा त्याच चुकीच्या बाजूकडे वळलं, बाईंनी दात आवळले आणि मोजा गपकन सैल पडला.

दिनकररावांना वाटलं, बिघडला. त्यांनी तारा तपासल्या, बटण दाबून बघितलं. वैदेही पुण्यातून पडद्यावर सगळं पाहत होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, हात लावू नका. तो बिघडलेला नाही. बाईंनी त्याला अडवलं."

तीन ग्रॅम. चार-पाच शेंगदाण्यांच्या वजनाएवढा तो जोर होता. बाई आपल्या तर्जनीकडे बघत होत्या आणि दिनकरराव त्यांच्याकडे.

पुढं वैदेहीनं त्याचा अभ्यास केला आणि त्याचं कारण तिला सापडलं. मेंदू कुठल्याही हालचालीआधी मनाशी अंदाज बांधतो आणि मग घडलेल्याशी तो ताडून बघतो. दोन्हींत फरक पडला तरच त्याला काही बदलावंसं वाटतं. शिकणं म्हणतात ते एवढंच. बाईंच्या हाताच्या नोंदींत फरक पडायला जागाच नव्हती. जे व्हायला हवं तेच होत होतं, त्यामुळे दुखावलेला मेंदू निवांत बसून राहिला. तस्लीमच्या हातानं त्याला उठवून बसवलं. शिवाय तिच्या प्रत्येक चुकीमागून दुरुस्तीचा प्रयत्न येत होता, म्हणजे वाट चुकणं आणि वाट शोधणं दोन्ही त्यात होतं. संस्थेनं बाद ठरवलेल्या त्या नोंदींशी बाईंचा हात रोज थोडा थोडा भांडत राहिला आणि भांडता भांडता परत येऊ लागला. उन्हाळा लागेपर्यंत त्यांना पेला धरता यायला लागला, थोडा सांडत का होईना.

पण आता त्यांच्या मनातून ते जुनं खटकलेलं जाईना. वीज नव्हती त्या दिवशी सामानाकडे बघत उभी राहिलेली मुलं त्यांना आठवत राहिली. आपला मेंदू निवांत बसला होता तसे दोन हजार शाळांतल्या मुलांचे मेंदू बसून आहेत, आणि त्यांना बसवलंय आपल्याच हातांनी. एका दुपारी त्यांनी ठरवलं की हस्तपाठ शाळांतून काढून घ्यायला सांगायचं. मुलांना मोजा द्यावा, पण तो ओढणारा नसावा. आधी मुलांना चुकू द्यावं.

त्यांनी हे दिनकररावांना सांगितलं तेव्हा ते चहा गाळत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज क्वचितच चढला असेल. तो चढला.

"ते हात तरी राहू देत," ते म्हणाले. "तुझे धडधाकट हात आता तेवढ्याच ठिकाणी उरलेत. तेही पुसायचे?"

दिनकरराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि मग पाठमोरेच बोलले. दुपारी बाई झोपल्या की ते मोजा स्वतःच्या हातात घालत होते. गेले कित्येक महिने. बाईंचे जुने पाठ लावायचे आणि हात सैल सोडून बसायचं. ती बोटं त्यांची बोटं धरून न्यायची. लग्न झाल्या वर्षी बाईंनी त्यांना घरात फ्यूजची तार कशी बसवायची ते हात धरून शिकवलं होतं. अगदी तोच स्पर्श, ते म्हणाले.

बाई उठल्या, पाय जरा ओढतच त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांनी उजव्या हातानं त्यांचा हात धरला. पकड कमजोर होती, करंगळी अजून वळत नव्हती. दिनकररावांनी मुद्दाम आपला हात थोडा मागं घेतला. तशी बाईंची बोटं घट्ट झाली.

"मोज्यातला हात असं करत नाही," दिनकरराव म्हणाले. "मी हात जरा मागं घेतला की तो सोडूनच देतो." मग त्यांनी खिशातून फोन काढून बाईंपुढं धरला. "लाव त्या पोरीला."

वैदेहीला हस्तपाठ काढून घेणं सोपं गेलं नाही. संस्थेतल्या वरिष्ठांनी आधी विचारलं की यशस्वी झालेली गोष्ट का मोडायची. काही शाळांनी तक्रार केली की मग मुलांचे प्रयोग फसतील, काचसामान फुटेल आणि तासाला गोंगाट होईल. वैदेहीनं बाईंच्या हाताच्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवल्या आणि दोन-तीन बैठका भांडत काढल्या. शेवटी मधला मार्ग निघाला. नव्या शालेय वर्षापासून मोजा आधी गप्प राहील, मुलाला स्वतःच्या हातानं करू देईल. मूल अडलं आणि त्यानं मागितलं तरच घटकाभर वाट दाखवील आणि पुन्हा गप्प होईल. बाईंना यापेक्षा जास्त हवं होतं, पण त्यांनी ते मान्य केलं. जुन्या पाठांची एक प्रत वैदेहीनं न सांगता दिनकररावांकडे पाठवून दिली. त्यांनी ती कपाटात ठेवली आणि दुपारी झोपायला सुरुवात केली.

जूनमध्ये बाई शाळेत परतल्या. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, घरी बसून राहिल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी सहावीचाच वर्ग मागून घेतला. पहिल्याच तासाला त्यांनी मोटार करायला दिली आणि स्वतःही मुलांबरोबर टेबलाशी बसल्या. त्यांच्या हातातलं ब्लेड दोनदा घसरलं. मुलांनी ते पाहिलं आणि मग कुणालाच आपल्या घसरण्याचं फारसं वाटेना. एकीचं वेटोळं उडून खाली पडलं. एकाचा सेल तापला. तासाच्या शेवटी तिघाचौघांच्याच मोटारी फिरत होत्या, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं की दुसरं टोक अर्धंच का खरवडायचं, पूर्ण खरवडलं तर बिघडलं कुठं. तीन वर्षांत हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता, कारण खरवडायचं काम मोजा करत होता. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी उत्तर दिलंच नाही; त्या म्हणाल्या, पूर्ण खरवडून बघ आणि उद्या मला सांग.

तस्लीम आता सातवीत गेली होती. तिच्या मोटारीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं नव्हतं, मोटार मात्र फिरली होती. बाईंना तिचे आभार मानायचे होते आणि ते कसे मानावेत हे त्यांना सुचत नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीला धन्यवाद म्हणणं म्हणजे समारंभात भाषण केल्यासारखं झालं असतं. दोन-तीनदा व्हरांड्यात तिला थांबवून त्यांनी अभ्यासाचंच काहीतरी विचारलं. शेवटी त्यांनी तिला आणि तिच्या आईला रविवारी जेवायला बोलावलं.

दिनकररावांनी झुणका केला, कांदा चिरला. पीठ मळायला आणि भाकरी थापायला मात्र बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. डाव्या हातानं परात धरून त्या उजव्यानं थापत होत्या. भाकरी फिरताना अडखळत होती, कडेला चिरत होती. पहिली तव्यावर टाकताना दुमडली, ती त्यांनी बाजूला ठेवली. दुसरी नीट पडली. ती त्यांनी स्वतः नेऊन तस्लीमच्या ताटात वाढली आणि तिच्यासमोर बसल्या.

तस्लीमनं भाकरी उचलून फिरवून बघितली. "एका बाजूला जाड झालीया," ती म्हणाली.

तिच्या आईनं तिला डोळ्यांनी दटावलं. बाई हसल्या.

"होय," त्या म्हणाल्या. "माझ्या हातची आहे ती. आणि थोडी तुझ्या हातची."

तस्लीमला ते कितपत कळलं कुणास ठाऊक. तिनं जाड बाजू मोडली, झुणक्याला लावून खाल्ली, उरलेलीही खाल्ली आणि ताट पुढं केलं. बाई पुढची थापायला उठल्या.